बंध पोलर असूनही रेणू नॉनपोलर कसा? पीयूसीच्या एका विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. कार्बन-ऑक्सिजन बंध पोलर, म्हणजे एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण, तरी कार्बन डायऑक्साइड नॉनपोलर, हे तुला पटत नाही. 'सममित असेल तर शून्य' हा नियम धरून तू टेस्टमध्ये क्लोरोफॉर्म नॉनपोलर लिहिलंस, कारण तोही टेट्राहेड्रल (मध्ये कार्बन, भोवती चार कोपरे), आणि मार्क गेले. विद्युतऋणतेतला, म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीतला, फरक १.७ च्या वर गेला की बंध आयनिक (इलेक्ट्रॉन वाटून न घेता पूर्ण दिलेला), हा नियम हायड्रोजन फ्लुओराइडला लावला तर तोही फसतो. शिवाय नॉनपोलर कार्बन डायऑक्साइड सोड्याच्या पाण्यात विरघळतोच कसा? सूत्र बघितल्याबरोबर सांगता येईल असा एखादा पक्का नियम आहे का, असं तू विचारलं आहेस.

असा नियम नाही. सूत्रात अणू किती ते लिहिलेलं असतं, ते कुठे बसलेत ते लिहिलेलं नसतं. आणि रेणूची ध्रुवता, म्हणजे पोलरपणा, तर ते कुठे बसलेत यावरच ठरते. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा दर वेळी आकृती काढायची सवय लाव. सुरुवातीला वेळ जाईल. महिनाभरात हात बसतो.

मी निपाणीत पीयूसीला केमिस्ट्री शिकवते. या धड्यात मुलं अडकतात ती बहुतेक एकाच जागी: तीन वेगळे प्रश्न ती एकच समजून सोडवायला जातात. बंध पोलर आहे का, हा पहिला. अख्खा रेणू पोलर आहे का, हा दुसरा. तो पदार्थ कशात विरघळेल, कसा वागेल, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर त्या दोन अणूंवर ठरतं, दुसऱ्याचं आकारावर, तिसऱ्याचं शेजारी दुसरा रेणू कोणता आहे त्यावर. तुझे चारही प्रश्न या तिघांत वाटले की गुंता बराच सुटतो.

आधी बंध. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, पण वाटणी सारखी होतेच असं नाही. ज्याची ओढ जास्त त्याच्याकडे जोडी सरकते. या ओढीला लायनस पॉलिंगने १९३२ मध्ये आकडे दिले. आज पुस्तकात दिसतात ते असे: हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरीन ३.९८. एवढे सहा पाठ असले तरी पीयूसीचं बहुतेक काम भागतं. ऑक्सिजन-हायड्रोजनमध्ये फरक १.२४, कार्बन-ऑक्सिजनमध्ये ०.८९, कार्बन-हायड्रोजनमध्ये जेमतेम ०.३५.

आता तो १.७ चा आकडा. तिथे भिंत नाही, तिथे साधारण मध्य आहे. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये फरक १.७८ येतो, तरी तो साडेएकोणीस अंशांना उकळणारा सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, पदार्थ आहे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये फरक १.९४, आणि तो साध्या तापमानाला चक्क वायू. उलट सोडियम हायड्राइडमध्ये फरक अवघा १.२७, तरी तो मिठासारखे स्फटिक करणारा आयनिक घन पदार्थ आहे. म्हणजे आकड्यांच्या वजाबाकीवरून पोलरपणा किती याचा अंदाज येतो, पण 'आयनिक की सहसंयुज' याचा निकाल लागत नाही. मी वर्गात सांगते: एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला अधातू असेल तर आयनिककडे झुकतं, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज समजून पुढे जा, आणि १.७ फक्त तेव्हाच काढ जेव्हा पेपरात तो आकडा स्पष्ट विचारलाय. त्या प्रश्नाला पुस्तकातलंच उत्तर लिही. तिथे मार्क घालवू नकोस.

सगळेच बंध या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात हे मोजून दाखवता येतं. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोन अणूंतलं अंतर १२७ पिकोमीटर. इलेक्ट्रॉन पूर्णपणे क्लोरीनकडे गेला असता तर द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे टोकावरचा प्रभार गुणिले अंतर, सुमारे ६.१ डिबाय (हे त्याचं एकक) भरलं असतं. प्रत्यक्षात मोजलं तर ते १.०८ येतं. भागाकार कर: साधारण १७-१८ टक्के आयनिक. हायड्रोजन फ्लुओराइडसाठी हेच गणित ४१ टक्क्यांच्या आसपास जातं. तुला नियम फसल्यासारखा वाटला तो इथे. फ्लोरीनची ओढ एवढी मोठी, तरी अर्ध्याहून जास्त वाटणी अजून सहसंयुजच आहे.

आता खरी मेख, रेणू. प्रत्येक पोलर बंधावर एक बाण काढायचा, कमी ओढीच्या अणूकडून जास्त ओढीच्या अणूकडे. बाणाला लांबी आहे आणि दिशा आहे, म्हणजे तो तुमच्या फिजिक्समधला वेक्टरच. रेणूचं द्विध्रुव आघूर्ण म्हणजे या सगळ्या बाणांची वेक्टर बेरीज. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत आहे, कोन १८०°. एक बाण डावीकडे, तेवढाच दुसरा उजवीकडे. बेरीज शून्य. बंध पोलर राहिलेच, ते कुठे गेले नाहीत. फक्त बाहेरून बघणाऱ्याला एक बाजू धन आणि दुसरी ऋण अशी दिसत नाही.

पाण्याचं तेच गणित हाताने कर, एकदा केलंस की विसरणार नाहीस. पाण्याचं मोजलेलं आघूर्ण १.८५ डिबाय, कोन १०४.५°. अर्धा कोन ५२.२५°, त्याची कोसाइन ०.६१२. मग एका ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा वाटा १.८५ भागिले १.२२४, म्हणजे सुमारे १.५१ डिबाय. आता तेच दोन बंध मनात हळूहळू उघडत ने. १२०° ला बेरीज १.५१ होते, १५०° ला ०.७८, आणि १८०° ला काहीच उरत नाही. बंध तेच, अणू तेच. बदलला तो फक्त कोन.

हे आपण आज आकारावरून ध्रुवतेकडे जातो, पण शोध लागताना बऱ्याचदा उलटं झालं आहे. पीटर डिबाय यांनी १९१२ मध्ये दाखवलं की दोन पट्ट्यांमध्ये वायू ठेवून त्या कपॅसिटरची धारिता वेगवेगळ्या तापमानांना मोजली तर रेणू पोलर आहे की नाही ते कळतं. पोलर रेणू विद्युतक्षेत्रात रांगेत वळायला बघतात, उष्णता ती रांग मोडते, म्हणून तापमान वाढलं की त्यांचा परिणाम घटतो. नॉनपोलर रेणूंचा तसा घटत नाही. कार्बन डायऑक्साइडचं आघूर्ण शून्य निघालं, म्हणजे तो वाकडा असणं शक्यच नाही. पाण्याचं शून्य नाही, म्हणजे ते सरळ असणं शक्य नाही. डिबाय यांना १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा भाग होता. पुस्तकातले कोन कुणी मनाने ठरवलेले नाहीत, हे मुलांना सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतं.

याच ओघात एक सांगून टाकते. केसांवर घासलेल्या कंगव्याने नळाची बारीक धार वळवून दाखवतात आणि 'बघा, पाणी पोलर' असं म्हणतात. धार वळते, पण तो रेणू पोलर असल्याचा सरळ पुरावा धरू नकोस. डायपोलच्या, म्हणजे धन-ऋण टोकं असलेल्या रेणूच्या, एका टोकाला ओढ बसते तशी दुसऱ्या टोकाला उलटी ढकलही बसते, त्यामुळे तो वळतो. ओढला जातो तो क्षेत्र असमान असेल तेवढाच, आणि ते बळ फार लहान. धार एवढी वळते याचं मुख्य कारण पाण्यात आयन असतात आणि कंगव्यामुळे धारेवर उलटा प्रभार जमतो हे आहे.

आता तुझा क्लोरोफॉर्म. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार सारखे बाण टेट्राहेड्रलच्या चार कोपऱ्यांकडे जातात आणि बेरीज शून्य. यातून एक कामाची गोष्ट निघते: चौघांची बेरीज शून्य असेल, तर कोणत्याही तिघांची बेरीज उरलेल्या चौथ्याएवढीच, पण बरोबर उलट्या दिशेची. क्लोरोफॉर्ममध्ये चौथ्या जागी क्लोरीन नाही, हायड्रोजन आहे. तीन क्लोरीनचा एकत्र बाण हायड्रोजनच्या विरुद्ध दिशेला जातो आणि त्याला खोडणारं समोर कुणी नाही. उलट कार्बन-हायड्रोजनचा छोटा बाणही हायड्रोजनकडून कार्बनकडे, म्हणजे त्याच दिशेला भर घालतो. मोजलेलं आघूर्ण १.०४ डिबाय. तू 'टेट्राहेड्रल' पाहिलंस, पण चारही कोपऱ्यांवर तोच अणू आहे का ते पाहायचं राहिलं. सांगाडा सममित असून भागत नाही, त्यावर बसलेले अणूही सारखे हवेत.

पण या साध्या बेरजेलाही मर्यादा आहे, आणि सीईटीत नेमकं त्यावर विचारतात. वरच्या हिशेबाने मिथाइल क्लोराइड आणि क्लोरोफॉर्म यांचं आघूर्ण सारखंच यायला हवं: एकात एक क्लोरीनचा बाण, दुसऱ्यात तिघांची बेरीज, तीही एकाएवढीच. प्रत्यक्षात मिथाइल क्लोराइड १.८९, डायक्लोरोमिथेन १.६०, क्लोरोफॉर्म १.०४, कार्बन टेट्राक्लोराइड ०. कारण एका कार्बनवर तीन क्लोरीन ओढायला बसले की कार्बनकडे देण्यासारखे इलेक्ट्रॉन उरतात कमी. प्रत्येक बंधाचा वाटा आक्रसतो. बाणाची लांबी प्रत्येक रेणूत तीच राहते हे आपण सोयीसाठी गृहीत धरतो, ते निसर्गाचं वचन नव्हे. उतरता क्रम विचारला तर हाच लिही.

एकट्या जोड्यांकडे, म्हणजे लोन पेअरकडे, मुलं सर्रास दुर्लक्ष करतात. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड शेजारी ठेव. दोन्ही पिरॅमिड, दोन्हीत नायट्रोजनवर एक एकटी जोडी, विद्युतऋणतेतला फरकही जवळपास सारखा: ०.८४ आणि ०.९४. आघूर्ण मात्र अमोनियाचं १.४७ आणि दुसऱ्याचं फक्त ०.२३. अमोनियात बंधांचे बाण नायट्रोजनकडे चढतात आणि एकटी जोडीही त्याच बाजूला टोकावर बसलेली असते, म्हणून दोन्ही एकमेकांत मिळतात. फ्लुओराइडमध्ये बाण नायट्रोजनपासून खाली फ्लोरीनकडे उतरतात आणि जोडी वर असते, म्हणून दोघं एकमेकांना जवळपास खोडतात. आकृतीत लोन पेअर काढलीच नाहीस तर हे दिसणार कुठून?

ओझोन तर याहून बोलका आहे. तिन्ही अणू ऑक्सिजनचे, विद्युतऋणतेत फरक शून्य, तरी आघूर्ण ०.५३ डिबाय. रेणू वाकडा आहे आणि मधल्या ऑक्सिजनची परिस्थिती कडेच्या दोघांपेक्षा वेगळी आहे. 'सारखे अणू म्हणजे नॉनपोलर' हे दोन अणूंच्या रेणूपुरतं खरं, पुढे नाही. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ०.११ एवढं बारीक आघूर्ण आहे आणि ऋण टोक ऑक्सिजनकडे नसून कार्बनकडे आहे. ते का, हे पीयूसीच्या पातळीवर बाणांनी समजत नाही. त्यासाठी मॉलिक्युलर ऑर्बिटल लागतात. तूर्त लक्षात असू दे.

कागदावर तिसरी दिशा दिसत नाही ही खरी अडचण. मॉडेलचा बॉक्स महाग असतो आणि तो लागतही नाही. तुम्ही खानापूरकर, मातीला तुमच्याकडे तोटा नाही. चिकणमातीचे गोळे कर, खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोड, आणि मिथेन, अमोनिया, पाणी, बोरॉन ट्रायफ्लुओराइड एवढे चार बांध. एकट्या जोडीसाठी निराळ्या रंगाची काडी लाव. हातात धरून फिरव आणि विचार: हा असा फिरवला तर पहिल्यासारखाच दिसतो का, किती दिशांनी? कधी वेळ मिळाला तर तीच माती रॉकेलमध्ये मळून बघ. पाण्यात मळलेल्या मातीला जसा आकार देता येतो तसा रॉकेलमधल्या मातीला येत नाही. मातीच्या पातळ पापुद्र्यांवर प्रभार असतात आणि ऑक्सिजन-हायड्रोजनचे पोलर गट असतात. पाणी त्यांना धरून मध्ये शिरतं, पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. रॉकेलला धरायला काहीच नसतं.

इथे तिसरा प्रश्न आलाच: पदार्थ कसा वागतो. 'सारखं सारख्यात विरघळतं' ही सुरुवात म्हणून ठीक. दुसऱ्या वर्षी सॉल्ट ॲनालिसिसमध्ये तू आयोडाइडची लेअर टेस्ट करशील. आयोडीन नॉनपोलर, ते पाणी सोडून खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतं आणि थर जांभळा होतो. पण क्लोरोफॉर्म तर पोलर निघाला ना? होय, आणि तरीही आयोडीन त्यात मजेत राहतं, कारण पाण्याच्या रेणूंनी आपापसांत हायड्रोजन बंधांचं घट्ट जाळं विणलेलं असतं. आयोडीनला जागा द्यायची तर ते मोडावं लागतं, क्लोरोफॉर्ममध्ये तसं मोडण्यासारखं फारसं नाही. म्हणजे विरघळणं फक्त डायपोलच्या आकड्यावर ठरत नाही.

कार्बन डायऑक्साइडचं उत्तरही इथेच आहे. एकूण आघूर्ण शून्य असलं तरी ऑक्सिजनची दोन टोकं किंचित ऋण आणि मधला कार्बन किंचित धन आहेच. पाण्याचा रेणू लांबून बघत नाही, तो अगदी चिकटून असतो. त्याला ही टोकं जाणवतात. २५ अंशांना आणि एका वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तेवढ्याच दाबाच्या नायट्रोजनच्या मोलच्या हिशेबात जवळजवळ पन्नास पट. सोड्याच्या बाटलीत दाबही वाढवलेला असतो. यातला अगदी थोडा भाग कार्बोनिक आम्ल होतो, बाकीचा तसाच रेणू म्हणून पाण्यात असतो.

आणखी एक. हा रेणू स्थिर बसलेला नसतो, तो सारखा कंप पावतो. कंपनात वाकला की क्षणभर १८०° राहत नाही आणि तेवढ्यापुरता डायपोल तयार होतो. म्हणूनच तो सुमारे १५ मायक्रोमीटर लांबीचे अवरक्त किरण शोषतो आणि पृथ्वीची उष्णता अडवतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन कितीही ताणले गेले तरी त्यांची दोन्ही टोकं सारखीच राहतात, म्हणून हवेत एवढे भरलेले असूनही ते हे काम करत नाहीत. तुझ्या 'शून्य कसा' या प्रश्नाच्या पोटात हवामानबदलाचं रसायनशास्त्र आहे, म्हणून तो मला आवडला.

निपाणीत राहून तंबाखूचं उदाहरण दिलं नाही तर माझं उत्तर अपुरं राहील. आमच्याकडची मुलं या शेतांतून येतात. निकोटिनच्या रेणूत दोन नायट्रोजन आहेत, दोघांवर एकटी जोडी, आणि बाकीचा सांगाडा कार्बन-हायड्रोजनचा. नायट्रोजनच्या जोड्या पाण्याच्या हायड्रोजनला धरतात, म्हणून साध्या तापमानाला निकोटिन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. सांगाड्यामुळे ते ईथर, क्लोरोफॉर्म आणि तेलकट थरांतही जातं. आता हा पोलर म्हणायचा की नॉनपोलर? पोलर आहेच, पण नुसतं तेवढं सांगून त्याचं वागणं कळत नाही. दवाने ओलं झालेलं हिरवं पान हाताळणाऱ्याला मळमळ होते, चक्कर येते, उलट्या होतात ते यामुळेच: निकोटिन आधी पाण्यात उतरतं आणि मग त्वचेच्या स्निग्ध थरातून आत शिरतं. घरचं कुणी या कामाला जात असेल तर पान ओलं असताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

चुन्याचं कामही इथेच कळतं. आम्लधर्मी परिस्थितीत निकोटिनचा एक नायट्रोजन हायड्रोजन आयन उचलतो आणि रेणू धन आयन बनतो. आयनाला पाण्यातून स्निग्ध थरात शिरणं फार अवघड. पीएच ८ च्या आसपास अर्धं निकोटिन आयन आणि अर्धं मोकळं असतं, पीएच ५.५ ला मोकळं एक टक्काही नसतं, ९ ला नव्वद टक्क्यांच्या पुढे जातं. तंबाखू चुन्यात मळली की पीएच चढतो, मोकळं निकोटिन वाढतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. आयनिक आणि पोलर यांतला फरक तुला पुस्तकात एका ओळीत दिसतो, तो इथे व्यसनाची पकड घट्ट करतो.

अभ्यास कसा करायचा हे थोडं तुझ्यावर अवलंबून आहे. फक्त बोर्डाची परीक्षा असेल तर आघूर्णांचे आकडे पाठ करू नकोस. क्रम, दिशा आणि कारण पुरे. सीईटी किंवा नीट देणार असशील तर अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड, क्लोरोमिथेनची मालिका, आणि सिस-ट्रान्स (तेच गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना) या तीन जोड्या हमखास तयार ठेव. इंग्रजी शब्द अडत असतील तर उत्तराच्या कच्च्या कागदावर बिनधास्त मराठीत विचार कर. आकृती आणि बाण सगळ्या भाषांत सारखेच असतात.

सरावासाठी सल्फर डायऑक्साइड, सल्फर ट्रायऑक्साइड, झेनॉन टेट्राफ्लुओराइड, सल्फर टेट्राफ्लुओराइड, आणि डायक्लोरोइथीनचे सिस व ट्रान्स प्रकार काढ. माझी उत्तरं: पहिला पोलर, दुसरा आणि तिसरा नाहीत, चौथा पोलर, सिस पोलर, ट्रान्स नाही. सिस ६० अंशांना आणि ट्रान्स ४८ अंशांना उकळतो, त्याचं कारणही लिही. हे जमलं की पॅरा-डायक्लोरोबेंझिन आणि हायड्रोक्विनोन घे. दोघांतही गट बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर बसलेत. पहिल्याचं आघूर्ण शून्य आहे, दुसऱ्याचं नाही, कारण क्लोरीनचा बाण कड्याच्या सरळ रेषेत जातो, पण ऑक्सिजनपाशी हायड्रोजन वाकून बसतो आणि दोन्हीकडचे हायड्रोजन आपापल्या परीने फिरू शकतात. ते एकाच बाजूला आले की काय होतं, ते मातीच्या मॉडेलवर फिरवून बघ आणि जमलेली आकृती इथेच टाक. मी तपासून देते.